जुनी टुंड्रा काढून नवी घ्यावी का? ट्रेलरवाल्यांची मदत हवी आहे

मंडळी, टेक्सासमध्ये २०१६ची टुंड्रा (टोयोटाचा पिकअप ट्रक) वापरतोय, ५.७ लिटर व्ही-८ इंजिन. गाडी ठणठणीत, पण पेट्रोल पाण्यासारखं पिते. २०२२च्या नव्या रचनेत ३.४ लिटर ट्विन-टर्बो व्ही-६ आलं. हायब्रिड चालवून पाहिली. जोर झकास, पण बॅटरी मागच्या सीटखाली, म्हणजे तिथली सामानाची जागा गेली! माझा कॅम्पर (मागे ओढायचं फिरतं घर) ६००० पौंडांचा. हिचवरच (ट्रेलर जोडायच्या हुकवर) ६०० ते ९०० पौंड येणार, वर चौघं आणि सामान. डीलर फक्त ओढण्याचा आकडा सांगतो. पेलोड, म्हणजे गाडी स्वतःवर किती वजन पेलते, ते विचारलं की दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरकडे बोट. डिझेल, इलेक्ट्रिक नको. असंच वजन ओढणाऱ्यांनी सांगा: हायवेवर मायलेज खरंच किती पडतं, आणि पेलोडसाठी साधं व्ही-६ घ्यावं की हायब्रिड?