‘सावधान ऐकू आलं न्हाई का? मग पळ की बे’: नोकरीतून पळायचे शब्द आले कुठून?

आमच्या होटगी रोडच्या ऑफिसात नवीन पोरगं जॉईन झालं की जुनी माणसं त्याला चहाला नेतात आणि पहिला सल्ला देतात, "सावधान ऐकू आलं न्हाई का तुला? अजून वेळ हाय, पळ की बे." पोरगं हसतंय, सांगणारा मात्र रिटायरमेंटला टेकलेला. असे अजून बरेच आहेत. ‘नारळ मिळायच्या आधी गाशा गुंडाळ’, ‘टपरी टाक’, ‘गावाकडं जाऊन शेती कर’, आणि आमचा खास सोलापुरी म्हणजे ‘हुतात्मा व्हायचं नसंल तर सकाळची हुतात्मा पकड’ (बाहेरच्यांसाठी: हुतात्मा एक्स्प्रेस, पुण्याला जाती). हे सगळं नोकरीला येऊन चिकटलं कुठून? गाशा म्हणजे नेमकं काय, पोबारा कुठला, आणि नारळाचा न् नोकरीचा काय संबंध? ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा, उगं ‘मस्त धागा’ म्हणून जाऊ नका.

—

मालक, सावधानचं सोपं आहे, ते समर्थ रामदासांवरनं. जांबचा नारायण, जन्म 1608 चा, बोहल्यावर उभा होता, भटजी ‘सावधान’ म्हणाले आणि पोरगं मांडवातनं जे पळालं ते नाशिकजवळ टाकळीला, अशी कथा आपण सगळे शाळेपासनं ऐकतोय. लग्नात अंतरपाट धरलेला असताना मित्र नवरदेवाच्या कानात हेच पुटपुटतात, तेच उचलून ऑफिसात आणलं. दोन्हीकडं एकदा सही झाली की पुढं बोलून उपयोग नसतो, म्हणून फिट बसलं.

गाशा मात्र छावणीतला. अरबी ‘गाशिया’, म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. मुक्काम हलला की स्वार ते गुंडाळणार आणि निघणार. पायी चालणाऱ्याकडं कुठला घोडा, त्याच्याकडं एक चंबू आणि एक गबाळं, म्हणून तो चंबूगबाळं आवरतो. आता आपण काही बघत नाही, पण खरं म्हणजे मॅनेजर गेला तर गाशा आणि शिपाई गेला तर चंबूगबाळं असं पाहिजे :) आणि ‘नोकर’ तरी काय, फारसीतनं आलेला मूळ मंगोल शब्द, तिथं त्याचा अर्थ सरदाराचा साथीदार. साथीदाराचा नोकर झाला, मग पळायचे शब्द लागणारच.

पोबारा हा फाशांचा. एका फाशावर एक म्हणजे पौ, दुसऱ्या दोन्हींवर सहा-सहा म्हणजे बारा, झालं पौबारा, मोठं दान. गंमत म्हणजे हिंदीवाले अजूनही ‘पौ बारह’ म्हणजे चांदी झाली असं म्हणतात आणि आपल्याकडं पोबारा केला म्हणजे पळून गेला. मला वाटतं एवढं दान पडल्यावर सोंगटी एका दमात लांब जाती त्यावरनं आलं असावं, पण हे माझं मत, पटत नसंल तर सोडून द्या.

नारळ तर निरोपाचाच. पाहुणा निघाला की हातात नारळ द्यायची रीत, त्यावरनं काढून टाकलं म्हणजे नारळ दिला. रिटायर होताना पण नारळच असतो बघा, फक्त शाल सोबत असली तर सत्कार आणि नुसताच मिळाला तर डच्चू. आणि ज्याला पळताबी येत नाही आणि नारळबी मिळत नाही तो पाट्या टाकत बसतो, माती वाहणाऱ्या मजुरासारखा, एक पाटी टाकली, एक मोजली.

—

छान लिहिलंय दादा, पण मुख्य शब्दच राहिला की, राजीनामा! मी महसुलात होते म्हणून सांगते. राजी म्हणजे कबूल आणि नामा म्हणजे कागद, म्हणजे नुसता संमतीचा कागद, त्यात नोकरी कुठंच नाही. जुन्या फेरफारात ‘राजीनामा-कबुलायत’ अशी जोडी सापडते, जुना खातेदार जमीन सोडतो म्हणून राजीनामा लिहून देणार आणि नवीन येणारा सारा भरीन म्हणून कबुलायत लिहून देणार, 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या काळातले कागद काढून बघा. म्हणजे आपल्याकडं आधी जमीन सोडायचे राजीनामे होते. हिंदीत राजीनामा म्हणजे कोर्टातली तडजोड, नोकरी सोडायला त्यांचं इस्तीफा. पण सोलापुरात भांडण नाही, पूर्व भागातल्या माझ्या तेलुगू मैत्रिणी राजीनामाच म्हणतात आणि अक्कलकोटकडचे कन्नडवाले राजीनामे म्हणतात, अर्थ तोच.

दुसरं म्हणजे ‘बदली’. आम्ही ऑफिसवाले बदली म्हणजे सांगोल्याहून बार्शीला टाकलं असं समजतो. माझे वडील मिलमध्ये ‘बदलीवर’ होते, म्हणजे दुसऱ्याच्या जागी. भोंगा व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर मुकादम आत घेणार, आला तर डबा तसाच घरी आणायचा. आई डब्याच्या वजनावरनं ओळखायची. तिथं कुणी कुणाला ‘पळ’ म्हणत नव्हतं, तिथला सल्ला होता ‘दांडी मारू नको रे, बदली उभाय गेटवर’. पळून जा म्हणायची मस्करी फक्त कायम माणसाला परवडते असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या ऑफिसात बघा, कॉन्ट्रॅक्टवरचं पोरगं हे बोलतं का कधी? बोलणारे सगळे पगारवाढ लागलेले.

—

ताईंचं एकदम बरोबर, आमच्याकडं कॉन्ट्रॅक्टवाली पोरं हसतात पण बोलत नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग ‘शेती कर’चं काय?

—

शेतीचं मी सांगतो, सांगोल्याचा आहे. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण तुम्ही सगळ्यांनी निबंधात लिहिलेली, हा सगळा विनोद तिच्यावरच उभा आहे. एसीत बसलेला माणूस ती म्हण अजून खरी धरून बोलतो. आमच्याकडं उलटं चालतं. डाळिंबावर तेल्या आला की फळाला काळे डाग पडून ते तडकतं, बाग हाताबाहेर गेली की उपटून टाकाय लागती, हितं केगावला 2005 पासनं डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे तरी बी तेल्या काय आमची पाठ सोडत नाही. असल्या बागेतनं घरी आलेला बाप पोराला म्हणतो, "कुठंतरी चिकट बाबा." नातेवाईक पण भेटले की पहिलं तेच, "चिकटला का कुठं?" ऑफिसातला पळ म्हणतोय आणि शेतातला चिकट म्हणतोय, दोघंबी अर्धी मस्करी अर्धं खरं.

आणि मस्करीत शेती कर म्हणायच्या आधी समोरच्याचा सातबारा तरी विचारत जावा. 1948 च्या कूळकायद्यात कलम 63 आहे, शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळं ज्याच्या नावावर गुंठाभर नाही त्याला शेवटी टपरीच सुचवत्यात, तिला सातबारा लागत नाही.