नवे स्पीकर टाकले आणि आवाज उलट कमी झाला! सल्ला हवा

मागची_सीट

मंडळी, हसायचं तेवढं हसून घ्या, मग सल्ला द्या.

गाडीत टचस्क्रीनवाला स्टिरिओ आहे, त्यावर '५० वॅट × ४' छापलंय. मूळचे स्पीकर ठीक वाजायचे, पण काचा खाली करून जरा वेगात गेलं की गाण्याचे शब्दच ऐकू यायचे नाहीत. आवाज मोठा हवा, एवढ्या एकाच हेतूने पुढच्या दोन्ही दारांत साडेसहा इंची कोॲक्सियल (एकाच चौकटीत बास आणि बारीक आवाज, दोन्हींचे स्पीकर) बसवून घेतले. खोक्यावर ठळक '३०० वॅट'. हातात घेतला तर वरवंट्याएवढा जड. म्हटलं, आता काचा हादरणार.

कसल्या हादरतात! पूर्वी व्हॉल्यूम २० वर असायचा, तेवढ्याच आवाजाला आता २८ लागतो. ३२ च्या पुढे आवाज फाटतो. बास तर गायबच झालाय. बसवून देणारा म्हणतो, ॲम्प (ताकद वाढवणारा वेगळा ॲम्प्लिफायर) टाका. ॲम्पला माझी ना नाही, पण आधी समजून घ्यायचंय की ३०० वॅटचा स्पीकर जुन्या कागदी स्पीकरपेक्षा हळू कसा वाजतो?

ओहमकार

हसत नाही, कारण मीही हेच केलं होतं.

खोक्यावरचे ३०० वॅट म्हणजे तो स्पीकर (तेही क्षणभर) किती सोसेल तो आकडा. तो किती आवाज करेल याचा त्याच्याशी काही संबंध नाही. वीस लिटरची बादली आणली म्हणून नळाची धार जाड होत नाही.

आता तुमचा नळ बघू. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्टिरिओतल्या साध्या चिपला तेवढ्यातच भागवावं लागतं. १४.४ चा वर्ग केला आणि ४ ओहमने भागला की येतात ५१.८. हाच तो 'पन्नास वॅट'! पण हे लाट पूर्ण चौकोनी झाल्यावर, म्हणजे आवाज साफ फाटल्यावर. स्वच्छ लाटेला त्याच्या निम्मे, जेमतेम २६, आणि चिपमधली गळती धरली की हाती राहतात दर चॅनलला (म्हणजे दर स्पीकरला) १५ ते २० वॅट आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट. पटत नसेल तर स्टिरिओच्या पाठीमागचा फ्यूज बघा. १० अँपिअरचा असेल तर १४.४ × १० = १४४ वॅट, तेही स्क्रीन आणि उष्णता धरून. त्यातून २०० वॅट कुठून निघणार?

म्हणून स्टिरिओवर थेट स्पीकर लावताना वॅट सोडा आणि 'सेन्सिटिव्हिटी' बघा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, तो आकडा. जड चुंबक, जाड रबरी कडा, भारी कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) असलेले स्पीकर मोठ्या ॲम्पसाठी बनवलेले असतात. ते बऱ्याचदा ८६ च्या आसपास असतात. हलक्या कागदी कोनचे मूळ स्पीकर ९० पर्यंत सहज जातात. ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात, ४ डेसिबलला अडीचपट. म्हणजे जुना स्पीकर १६ वॅटमध्ये जेवढा वाजायचा तेवढंच वाजायला नव्याला ४० वॅट हवेत. ते तुमच्या स्टिरिओकडे नाहीत, म्हणून तो फाटतो.

माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी किती दिलीय ते बघून सांगा.

जुनी_कॅसेट

ओहमकारांना अनुमोदन. त्यात एक मेख आहे. काही माहितीपत्रकांत '१ वॅट' ऐवजी '२.८३ व्होल्ट' लिहितात. ८ ओहमला ते एक वॅटच होतं, पण ४ ओहमला होतात दोन वॅट. म्हणजे फुकटात ३ डेसिबल जास्त दिसतात. दोन स्पीकरची तुलना करताना आधी हे बघायचं.

आणि बास 'गायब' झालाय म्हणालात ना? ते सेन्सिटिव्हिटीचं काम वाटत नाही. एका दाराची प्लस-मायनस उलटी जोडली असणार. एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, दोघे मिळून एकमेकांचा बास खातात. बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवा, मग मध्ये आणा. मध्ये आणल्यावर बास कमी होत असेल तर चोर सापडला.

सब_वूफर_भक्त

एवढा हिशेब कशाला? २ ओहमचे स्पीकर टाका, वॅट आपोआप दुप्पट. माझ्या भावाने तेच केलंय.

ओहमकार

भाऊंच्या स्टिरिओवर २ ओहम चालतील असं लिहिलेलं असेल तर ठीक. बहुतेकांवर ४ ते ८ ओहम असंच असतं. निम्म्या ओहमला करंट दुप्पट, चिप तापते आणि ऐन रंगात आलेलं गाणं बंद पडतं. किंवा चिपच जाते. काही गाड्यांत मूळचे स्पीकरच २ ओहमचे असतात, पण तिथे ॲम्पही त्याच हिशेबाने दिलेला असतो.

मागची_सीट, स्पीकर सुटे कराल तेव्हा मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.६ दाखवतो, घाबरू नका.

खिडकीखाली

सगळे वॅटमध्ये अडकलेत, दाराकडे कोणी बघेना!

दाराचं अस्तर काढलं की आतल्या पत्र्याला हाताचा पंजा जाईल एवढी भोकं दिसतील. कोनच्या मागचा आवाज त्यातून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो. ती भोकं डॅम्पिंग शीटने (पत्र्याची थरथर मारणाऱ्या चिकट जाड शीटने) बुजवा. बाहेरच्या पत्र्यावर आतून थोडे तुकडे चिकटवा, सगळा पत्रा मढवायची गरज नाही. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी हवी, फट राहता कामा नये. पाणी जायची दाराच्या तळाची भोकं मात्र चुकूनही बुजवू नका, दार सडेल.

माझ्या दारात तर एक स्क्रू सैल होता. महिनाभर मी स्पीकर फाटलाय समजून इक्वलायझरशी खेळत होतो.

मागची_सीट

रविवार सगळा दारात गेला.

फ्यूज १० चाच निघाला. सेन्सिटिव्हिटी ८६, एक वॅटला. ओहमकार, पैज जिंकलात.

बॅलन्सवाली युक्ती केली आणि मध्ये आणताच बास कमी झाला! मग दोन्ही दारांत स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, प्लसला प्लस. दोन्ही कोन बाहेरच आले, म्हणजे स्पीकर ठीक. स्टिरिओच्या मागच्या कपलरमध्ये डाव्या दाराच्या दोन वायरी उलट्या खोचलेल्या. सरळ केल्या, बास परत. भोकंही बुजवली. आता २८ चं काम २४ ला होतंय.

पण काचा खाली केल्या की अजून कमीच पडतो. आता हे स्पीकर विकून ९१-९२ चे घेऊ की ॲम्पच टाकू?

ओहमकार

वायरिंगचा व्याप नको असेल तर सेन्सिटिव्ह स्पीकर घ्या. पण तुमचे स्पीकर मुळात ॲम्पसाठीच जन्मलेले आहेत, त्यांना उपाशी का ठेवता? दर चॅनलला ५० वॅट आरएमएसचा चार चॅनल ॲम्प पुरे. फक्त स्पीकरवरचा 'आरएमएस' आकडा त्याच्या आसपास आहे ना ते बघा, ३०० वर जाऊ नका. आणि स्टिरिओच्या साधारण १७ वॅटचे ५० झाले तर साडेचार-पाच डेसिबल मिळतील. कानाला दुप्पट आवाज वाटायला दहा डेसिबल लागतात. फरक नक्की कळेल, पण तिप्पट वॅटला तिप्पट आवाज अशी आशा धरू नका.

त्याआधी फुकटचं एक करा. स्टिरिओत हाय-पास (ठरावीक पट्टीखालचा बास अडवणारा फिल्टर) असेल तर ८० हर्ट्झवर लावा आणि बास बूस्ट शून्यावर आणा. ६ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या पट्टीत चौपट वॅट. सगळी ताकद खालच्या धडधडीत जाते आणि गाणं फाटतं.

जुनी_कॅसेट

ॲम्प घ्याल तर बॅटरीकडून येणाऱ्या वायरवरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरातच बसवा. वायर कुठे घासली तर आग लागू नये म्हणून तो असतो. अर्थिंग छोटी वायर घेऊन रंग खरवडलेल्या पत्र्यावर. ॲम्पवरचं गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, स्टिरिओकडून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण. स्पीकर सोडून ठेवा, इक्वलायझर सपाट, व्हॉल्यूम पाऊण, १ किलोहर्ट्झचा टोन लावा आणि ॲम्पच्या स्पीकरच्या टोकांना लावलेल्या मीटरवर एसी १४ व्होल्ट येईपर्यंतच गेन फिरवा. ५० वॅट गुणिले ४ ओहम, त्याचं वर्गमूळ.

मागची_सीट

हाय-पास होता, तीन मेनूंच्या आत लपलेला. लावला. आता ३४ पर्यंत न फाटता जातो, म्हणजे आधी उगाच बासच्या मागे धावत होतो. ॲम्पचं ठरलंय. वायर आत घ्यायला इंजिनकडच्या भिंतीत रबरी बूच सापडलंय, पुढच्या रविवारी तेच.

उजव्या दारातून मात्र एक बारीक खडखड येत होती. स्पीकर काढला, शीट दाबून पाहिली, सगळे स्क्रू आवळले. शेवटी दाराच्या खणात हात घातला. सुटी नाणी होती.