अनुभव धागा : आपल्या व्यवसायाविषयी आपणच बोलताना

लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर विकू लागले तेव्हा शेतकऱ्यांनी सुरुवातीला त्यांना दाद दिली नाही, कारण लोखंडाने जमीन नासते असा समज होता. पुढे 1920 मध्ये किर्लोस्करवाडीत ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले, ते मुळात कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठीच. माल चांगला असला की तो आपोआप खपतो हे म्हणणे तेव्हाच खोटे ठरले होते. तरीही आपले नाव, आपले काम आणि आपला भाव न अडखळता सांगणे आजही अनेकांना स्वतःची टिमकी वाजवल्यासारखे वाटते. म्हणून या धाग्यात व्यावसायिकांनी आपण स्वतःविषयी नेमके काय सांगितले, कुणाला सांगितले आणि पुढे काय झाले, एवढेच लिहावे. मार्गदर्शनपर व्याख्याने नकोत, ती पुष्कळ झाली आहेत.

देवगड, आंबा बागायतदार

‘देवगड हापूस’ असे छापलेल्या पेटीत कर्नाटकातला आंबा विकला जातो, हे मुंबई-पुण्याच्या बाजाराला नवीन नाही. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (ठराविक प्रदेशातल्याच मालाला ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क) मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या 5 जिल्ह्यांसाठी आहे, आणि बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी केल्यावरच त्याला ते वापरता येते. मी नोंदणी केली, पेटीवर चिन्ह छापले, आणि गिऱ्हाइकांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. दलालामार्फत वाशीच्या घाऊक बाजाराला माल जात होता तेव्हा पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात आली की विषय संपत असे. थेट घरपोच विक्री सुरू केल्यावर मी प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी ठेवू लागलो, तीत आंबा कोणत्या तारखेला काढला, तो पेंढ्यात किती दिवस ठेवावा आणि साका निघाल्यास काय करावे, हे लिहिलेले असते. साका बाहेरून कळत नाही. वास उत्तम, साल पिवळीधमक, आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट गर निघतो. कितीही नामांकित बाग असली तरी थोडाफार साका निघतोच, तेव्हा कापलेल्या फळाचे छायाचित्र पाठवा, बदली फळ देऊ, असे मी सरळ लिहितो. आपल्या मालातला दोष आपणच छापायचा का, असा घरच्यांचा आक्षेप होता. परंतु ती चिठ्ठी वाचूनच लोक फोन करतात आणि पुढच्या वर्षी पाडव्याच्या आधी मागणी नोंदवतात. माझा भाव बाजारापेक्षा चढा आहे, आणि तो मी घासाघीस न करता सांगतो.

नाशिक, वकील

आमच्या व्यवसायात जाहिरातीला बंदीच आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी, आणि आपण अमुक प्रकारच्या खटल्यांत निष्णात आहोत असे तिच्यावर लिहिता येत नाही. 2008 च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देता येते. त्यामुळे वारसनोंद, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र अशा विषयांवर मी वाचनालयांतून बोलते, स्वतःच्या कार्यालयाचा उल्लेख न करता. ज्यांना जाहिरातीची पूर्ण मुभा आहे त्यांनीच संकोचाची तक्रार करावी, याची मला गंमत वाटते.

पुणे, घरगुती फराळ

माझी अडचण अनोळखी गिऱ्हाइकांची नव्हती, ओळखीच्यांची होती. ‘काकू, तुमच्या हाताला चव आहे’ म्हणणारी मंडळी चकलीचा भाव ऐकताच ‘अहो, आपल्यातल्या आपल्यात काय’ असे म्हणत. पूर्वी मी संदेशात आधी शुभेच्छा, मग पदार्थांचे वर्णन आणि शेवटी ‘दरासाठी संपर्क साधावा’ असे लिहीत असे. आता पहिल्याच ओळीत किलोचा भाव असतो, आणि खाली भाजणी घरी भाजून गिरणीतून दळून आणलेली आहे, आदल्या दिवशीचे तळणीचे तेल पुन्हा वापरत नाही, एवढेच असते. अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक वेष्टनावर कायद्यानेच लागतो. मुलाने तेथे यजमानांचे नाव घालायचे सुचवले होते, बाजारात त्यांना लोक ओळखतात म्हणून. मी माझे स्वतःचे घातले. भाव आधी सांगू लागल्यावर काही नातेवाईक कायमचे गळाले. त्यांच्या जागी परदेशातल्या मुलांना फराळ पाठवणारे पालक आले, ते भावाबद्दल बोलत नाहीत, चकली प्रवासात मोडणार नाही ना, एवढेच विचारतात.

भोसरी, यंत्रभाग निर्मिती

‘दर्जेदार काम, वेळेवर पुरवठा’ हे शब्द खरेदी अधिकाऱ्यांपुढे सगळेच ठेवतात, म्हणून त्यांचा उपयोग शून्य. मी लिंक्डइनवर कारखान्यातली एखादीच घटना मांडतो : बुशचा (नळीसारख्या पोकळ यंत्रभागाचा) आतला व्यास 10 मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने, मर्यादेबाहेर गेल्यावर तो भाग आम्हीच कसा बाजूला काढला, कापणाऱ्या टूलची झीज कुठे सापडली, नंतर काय बदलले. ग्राहकाचे ड्रॉइंग किंवा ओळखू येईल असा भाग दाखवता येत नाही, गोपनीयतेचा करार असतो. त्याऐवजी भंगारातल्या धातूच्या बारवर (दांड्यावर) तेच ऑपरेशन करून दाखवतो.

कोल्हापूर, चप्पल विक्रेता

कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून 8 जिल्ह्यांसाठी 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरच्यांची चौकशी मात्र वाढली ती जून 2025 नंतर, प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही म्हणून गदारोळ झाल्यावर. (पुढे कंपनीने मूळ मान्य केले.) तेव्हापासून जो तो ‘अस्सल’ असे लिहितो. मी ते लिहीत नाही. गिऱ्हाइकासमोर चप्पल उलटी करतो आणि सोल्युशनने चिकटवलेला तळ व चामड्याच्या वादीने शिवलेला तळ शेजारी ठेवतो. शिवाय खोक्यावर कारागिराचे नाव त्याच्या संमतीने छापतो. शेजारच्या दुकानदारांनी मला वेड्यात काढले, गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे जाईल म्हणून. काही गेलेही, आणि त्या जोरावर त्याने माझ्याकडूनही मजुरी वाढवून घेतली. ती मी देतो. वरच्या देवगडच्या बागायतदारांना विचारावेसे वाटते की तुमच्या चिठ्ठीवर झाडावर चढून आंबा काढणाऱ्या गड्याचे नाव का नसावे.