एडिटिंग थेट बाहेरच्या एसएसडीवरून करावं का? नाशिकच्या फिरत्या कामासाठी चर्चा

गोदाकाठ
2027 च्या सिंहस्थात रामकुंड, तपोवन, त्र्यंबक असं फिरत व्हिडिओ कट (एडिट) करावे लागणार. लग्नसराईत तर आत्ताही तेच चालतं. म्हणून माझं मत मांडतो: लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर फुटेज घेऊच नये. सगळा प्रोजेक्ट बाहेरच्या एका एनव्हीएमई (वेगवान प्रकारच्या) एसएसडीवर ठेवावा आणि तिथूनच कापावा. आज लॅपटॉप, उद्या स्टुडिओतला पीसी, ड्राइव्ह लावला की काम सुरू.

हिशोब बघा. 4के, 100 एमबीपीएसचं फुटेज म्हणजे सेकंदाला 12.5 एमबी, तासाला 45 जीबी. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम (सगळ्यांचं चित्र एकाच वेळी) लावलं तरी सेकंदाला 37.5 एमबी. 10 जीबीपीएसचं यूएसबी प्रत्यक्षात सेकंदाला 900 ते 1000 एमबी देतं. तीन कॅमेरे प्रत्येकी पाच तास चालले तर 675 जीबी होतात, ते 512 जीबीच्या लॅपटॉपमध्ये मावणार कुठे?

लागतं काय: 2 टीबीची टीएलसी चिपची एनव्हीएमई, अ‍ॅल्युमिनियमचं एन्क्लोजर (ड्राइव्ह बसवायची डबी) आणि त्याच्यासोबत आलेलीच केबल. फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल बहुतेक वेळा यूएसबी 2.0 ची असते. तिच्यातून सेकंदाला 40 एमबीच्या वर काही येत नाही आणि दोष ड्राइव्हला लागतो. विंडोजवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दोन्ही मशीनवर ड्राइव्हला एकच अक्षर द्या, समजा 'व्ही'. नाहीतर एकीकडे 'ई', दुसरीकडे 'एफ', आणि प्रीमियर (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) उघडताच सगळी टाइमलाइन 'मीडिया ऑफलाइन', म्हणजे फुटेज सापडत नाही.

सातपूरकर
साफ असहमत. स्पीडचा प्रश्न कधीच नव्हता, प्रश्न त्या केबलचा आहे. लॅपटॉप मांडीवर किंवा लॉनमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, टाइप-सी पोर्ट वापरून सैल झालेला, बाजूने वऱ्हाडी जातायत. एक धक्का लागला की ड्राइव्हचा संपर्क तुटतो. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावा म्हणून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असतो, आणि एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नसतं. लिहिणं चालू असताना केबल निघाली की फाइल्सची नोंद अर्धवट राहते. आणि तुम्ही तर मूळ फुटेज, प्रोजेक्ट, कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल्स) सगळं त्याच ड्राइव्हवर ठेवा म्हणताय!

जागेचं म्हणाल तर बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये दुसरा एम.2 स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) रिकामा असतो. तुमची तीच 2 टीबी एनव्हीएमई आत बसवा. बाहेरचे ड्राइव्ह फक्त कॉपीसाठी.

आणखी एक. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'ड्राइव्ह लावला की काम सुरू' होत नाही. प्रोजेक्ट लायब्ररी (टाइमलाइन साठते ती जागा) मुळात लॅपटॉपच्या आतच असते. नुसता ड्राइव्ह घेऊन स्टुडिओत गेलात तर फुटेज दिसेल, टाइमलाइन नाही.

पंचवटी
तुम्ही दोघंही ड्राइव्हवरून भांडताय. प्लेबॅक अडकतो तो बहुतेक वेळा डीकोडिंगमुळे, म्हणजे दाबून साठवलेलं फुटेज उलगडण्यामुळे. 10 बिट 4:2:2 (जास्त रंगमाहितीचं) एच.264 फुटेज अनेक ग्राफिक्स कार्डांना हार्डवेअरवर उलगडता येत नाही, सगळा भार सीपीयूवर पडतो. ड्राइव्ह सेकंदाला 3000 एमबीचा लावा, तरी फ्रेम गळणारच.

उपाय प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची कट करण्यापुरती हलकी प्रत. 1080 ची प्रोरेस प्रॉक्सी 25 फ्रेमला सुमारे 38 एमबीपीएस पडते, म्हणजे तासाला 17 जीबी. वरचे तीन कॅमेऱ्यांचे 15 तासही सुमारे 255 जीबीत बसतात. प्रॉक्सी लॅपटॉपमध्ये, मूळ फुटेज बाहेरच्या ड्राइव्हवर आणि तो ड्राइव्ह बॅगेत. कट करताना बाहेर काही जोडायचंच नाही, म्हणजे सातपूरकरांची केबलची भीती संपली. रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूत 'प्रिफर प्रॉक्सीज' ठेवा. रेंडरच्या आधी मूळ ड्राइव्ह जोडा आणि डिलिव्हर पानावर 'यूज प्रॉक्सी मीडिया'ची टिक काढलेली आहे ना ते बघा. ती राहिली तर 4के फाइलमध्ये मऊ चित्र येतं आणि लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर ते लक्षातही येत नाही.

गोदाकाठ
प्रॉक्सी बनायला वेळ लागतो हो. रिसेप्शनला टीझर दाखवायचा असेल तर 15 तासांच्या प्रॉक्सी कधी काढणार? शिवाय इंटेलच्या 11व्या पिढीपासून पुढचं क्विक सिंक (प्रोसेसरमधला व्हिडिओ उलगडणारा भाग) किंवा अ‍ॅपलच्या एम मालिकेची चिप असेल तर 10 बिट 4:2:2 एचईव्हीसी थेट चालतं. कॅमेऱ्यातच कोडेक (एच.264, एचईव्हीसी असा व्हिडिओ दाबून साठवायचा प्रकार) नीट निवडला तर प्रॉक्सीची गरज नाही.

सातपूरकरांचा लायब्ररीचा मुद्दा मान्य. त्यावर मार्ग आहे: प्रोजेक्ट मॅनेजरमधून नवी लोकल लायब्ररी बाहेरच्या ड्राइव्हवरच बनवायची, नाहीतर काम संपवून उठताना दर वेळी डीआरपी (प्रोजेक्टची) फाइल एक्स्पोर्ट करायची. एक्सफॅटचंही मान्य. दोन्ही मशीन विंडोज असतील तर एनटीएफएस, दोन्ही मॅक असतील तर एपीएफएस. एक्सफॅट फक्त मिश्र कामाला.

इंदिरानगर
ड्राइव्ह घेताना टीएलसीऐवजी स्वस्तातली क्यूएलसी चिपची एसएसडी टाळा. सुरुवातीला सेकंदाला 900 एमबी दाखवते, एसएसडीच्या आतली वेगवान कॅश (तात्पुरती जागा) भरली की 100 च्या आसपास येते, आणि मोठ्या कॉपीत ती भरतेच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 40 कडे जातो. बंद गाडीत, डॅशबोर्डवर कॉपी लावून ठेवलेला ड्राइव्ह तापून स्वतःच वेग कमी करतो. बॅगेत कोंबून कॉपी लावणंही तितकंच वाईट.

सातपूरकर
बाहेरून कट करायचंच असेल तर माझ्या अटी. कॅश आणि ऑटोसेव्ह आतल्या ड्राइव्हवर, म्हणजे कट चालू असताना बाहेर लिहिणं जवळपास बंद. केबल लॅपटॉपच्या झाकणाला वेल्क्रोने बांधलेली, पोर्टपाशी थोडा सैल वळसा ठेवून. मधे विनापॉवरचा हब नाही. आणि त्या एसएसडीवर जे आहे ते आधी दुसरीकडे उतरलेलं.

गोदाकाठ
कॅश आत, हे मान्य. दुसरी कॉपी अडीच इंची साध्या हार्ड डिस्कवर चालेल. सेकंदाला 120 एमबीने 675 जीबीला दीड तास लागतो, पण ती जेवणाच्या वेळात टेबलावर होते, चालत्या गाडीत नाही. तसंही कॅमेऱ्यातलं यूएचएस-1 मेमरी कार्ड सेकंदाला 90 एमबीच्या आसपासच देतं, त्यामुळे पहिली कॉपीही एसएसडीच्या वेगाने पडत नाही.

पंचवटी
कॉपी फाइल एक्सप्लोररमधून ओढून करू नका. रिझॉल्व्हच्या मीडिया पानावर क्लोन टूल आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी कार्ड उतरवतं आणि चेकसम (कॉपी मूळ फाइलशी जुळते का ते) तपासतं. विंडोजवर नुसतं टेराकॉपी 'व्हेरिफाय' लावून वापरलं तरी चालेल. दोन्हीकडे तपासणी हिरवी झाल्यावरच कार्ड फॉरमॅट, आणि तेही कॅमेऱ्यात.

सातपूरकर
यावर वाद नाही. फुटेज आत की बाहेर, यावर माझं मत तेच: दुसरा स्लॉट असेल तर आत.