मदत हवी आहे: ज्वालामुखीचा खडा पावसाळ्यात विरघळतोय, लगेच सांगा

कोथरूडकर७१: नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. सासऱ्यांनी एक ज्वालामुखीचा खडा आमच्याकडे ठेवायला दिलाय, दुर्मिळ आहे म्हणे, तर गेल्या आठवड्यापासून तो ओला व्हायला लागलाय, पुसला की तासाभरात परत ओला, आणि कडा पार गोल झाल्यात. सासरे रविवारी येतायत. वरून काय लावू? फेविक्विक चालेल का? कृपया माहिती असणाऱ्यांनीच लिहा, गुगल मलाही येतं.

वारज्याची_वहिनी: कुठला खडा? रंग? केवढा? फोटो?

पम्या_कसबा: ज्वालामुखीचा म्हणजे नक्की काय हो? अख्खं पुणं ज्वालामुखीच्या दगडावर बसलंय, सिंहगड काय नि पर्वती काय, सगळा बेसाल्टच. तो पावसात विरघळत असता तर एव्हाना आपण सगळे मुठेतून वाहत पंढरपूरला पोचलो असतो.

कोथरूडकर७१: विनोद नंतर. पांढरा आहे, मधेमधे पिवळट. लिंबाएवढा. खाली काळा दगड आणि वर नेच्याच्या पानासारखे स्फटिक होते, आता साखरेच्या गोळ्यासारखं दिसतंय. फोटो चढत नाहीये.

निवृत्त_नाना: तुरटी आहे. दाढी झाल्यावर फिरवा, उत्तम.

मीच_ती_सदाशिव: खडा घरात कुठल्या दिशेला ठेवलाय ते सांगितलं नाहीत. अग्नीतून आलेली वस्तू ईशान्येला ठेवली असेल तर पाणी सुटणारच.

आयटीतला_आदी: तांदळाच्या डब्यात घाला. माझा फोन खडकवासल्यात पडला होता, दोन दिवसांत चालू.

दगडधोंडे: आदी, जुलैमधले तांदूळ स्वतःच दमट असतात. आणि नाना, तुरटी अशी नेच्यासारखी सहसा दिसत नाही. कोथरूडकर, खड्यासोबत चिठ्ठी असेल ना एखादी? संग्राहक माणूस चिठ्ठीशिवाय दगड ठेवत नाही. तोवर जिभेला लावून बघू नका, ज्वालामुखीच्या वाफांमधून जमलेल्या थरात आर्सेनिकसुद्धा असू शकतं.

कोथरूडकर७१: चिठ्ठी आहे. 'साल अमोनियाक, फ्युमरोल, व्हेसुव्हियस' एवढंच, पुढचं पुसट झालंय. आधी लिहायला हवं होतं का?

दगडधोंडे: अहो मग कधीपासून काय विचारतोय आम्ही!! हा नवसागर आहे. अमोनियम क्लोराइड. व्हेसुव्हियस हा इटलीतला ज्वालामुखी, आणि फ्युमरोल म्हणजे ज्वालामुखीच्या अंगावरची वाफ सोडणारी भेग. तिथून तापलेले वायू येतात, त्यातला अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड बाहेरच्या गार दगडाला लागले की मधे पातळ न होता सरळ घट्ट बसतात, म्हणून ती पिसासारखी नाजूक नक्षी. लाव्हा झाडझाडोऱ्यावरून गेला की तिथे हा जास्त मिळतो, कारण अमोनिया त्या वनस्पतींतून येतो. काठिण्य दीडच्या आसपास, म्हणजे नखाने ओरखडा जातो. पाण्यात मिठासारखा विरघळतो, २० अंशाला १०० मिली पाण्यात ३७ ग्रॅम. त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसात डोंगरावरून नाहीसाच होतो. पुण्यात हवेची आर्द्रता ८०% च्या आसपास गेली की हा हवेतलंच पाणी ओढायला लागतो, तुम्ही फडक्याने कितीही पुसा.

कल्हईवाल्यांचा_नातू: नवसागर म्हणजे आपला कल्हईतला?? माझे आजोबा तांबट आळीत कल्हई करायचे. भात्यावर भांडं लालबुंद झालं की नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर भसकन वर, खोकून खोकून जीव जायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने गरागरा फिरवायचं की पातेलं आतून आरशासारखं. लहानपणी आम्ही लोटीतल्या पाण्यात तो टाकायचो, लोटी गारेगार लागायची. किलोवर मिळणारी वस्तू ती, दुर्मिळ कसली.

पम्या_कसबा: हातभट्टीवर धाड पडली की बातमीत गुळाबरोबर जो जप्त होतो तोच ना हा? सासरे नक्की काय गोळा करतात?

कोथरूडकर७१: सासरे भूगर्भशास्त्र शिकवायचे. कृपया.

शास्त्री_बाणेर: चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नवसागराचे बाजारातले कितीतरी चांगले नमुने ज्वालामुखीचे नसतातच, जमिनीखाली पेटलेल्या कोळशाच्या थरांवरचे असतात. ताजिकिस्तानातलं रावात त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथेही तापलेले वायू भेगांतून येऊन असाच थर जमतो. खरं दुर्मिळ बघायचं तर रेनिआइट बघा, रेनियम या धातूचं सल्फाइड, रशियाच्या कुरील बेटांवरच्या कुद्र्याव्ही ज्वालामुखीच्या फ्युमरोलमध्ये सापडलं. ते असं ओघळत नाही.

दगडधोंडे: शास्त्रीबुवा, माणसाचा खडा विरघळतोय आणि तुम्ही त्याला कुरील बेटं दाखवताय. कोळशावरचे नमुने खाली भाजलेल्या शेलवर, म्हणजे चिखलाचे थर घट्ट होऊन बनलेल्या दगडावर असतात, याच्या खाली काळा दगड आहे असं ते म्हणतायत.

शास्त्री_बाणेर: काळा दगड म्हणजे बेसाल्टच असतो असं थोडंच आहे. आणि हा नवसागरच हे तरी कशावरून? साधं मीठ आणि सिल्व्हाइट, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, दोन्ही व्हेसुव्हियसच्या फ्युमरोलवर जमतात, दोन्ही पांढरे.

दगडधोंडे: हा मुद्दा मान्य. परीक्षा घरीच होते. गळून पडलेला कण घ्या, मूळ खड्याला हात लावू नका, तंबाखूवाल्याकडचा ओला चुना बोटभर, दोन्ही एकत्र चोळा. अमोनियाचा दर्प आला तर नवसागर, मीठ किंवा सिल्व्हाइट असेल तर काहीच येणार नाही. नाक अगदी वर धरू नका.

वाघोलीचा_विक्या: मी म्हणतो असले पाण्याला घाबरणारे दगड ठेवायचेच कशाला. आपल्या वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हनसाइट घ्या, मोरपिशी निळं, जगभरातले लोक त्यासाठी वेडे आहेत, पावसाचं काही टेन्शन नाही. माझ्याकडे दोन आहेत.

कोथरूडकर७१: मला नवीन दगड नकोय, हाच वाचवायचाय!! आणि अजून एक, खडा पितळी तबकात ठेवला होता तर तबकावर हिरवं कडं उमटलंय. शोकेसची किल्ली बाजूला असायची ती पण गंजली. याचा काही संबंध?

कल्हईवाल्यांचा_नातू: संबंध म्हणजे काय, कल्हईत नवसागर लागतो तो याचसाठी! धातूवरचा मळ, गंज खाऊन टाकतो म्हणून तर कथील नीट बसतं. ओला झाला की तांबं, पितळ, लोखंड, काही सोडत नाही. तबकातून काढा आधी.

वारज्याची_वहिनी: एक विचारू? नुसत्या हवेने लिंबाएवढ्या खड्याची नक्षी आठवड्यात जाते?

कोथरूडकर७१: धूळ बसली होती म्हणून मी जरा नळाखाली धरला होता. जेमतेम मिनिटभर. नंतर फडक्याने पुसला.

पम्या_कसबा: 🙏🙏🙏

दगडधोंडे: नळाखाली. व्हेसुव्हियसपासून कोथरूडपर्यंत सुखरूप आलेला खडा. असो. गेलेली नक्षी परत येणार नाही, उरलेल्याचं बघू. टीपकागद नुसता टेकवा, घासू नका. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सिलिका जेलवर, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांवर, छोटी प्लॅस्टिकची जाळी ठेवून त्यावर खडा, जेलला चिकटू देऊ नका. कॅमेऱ्याच्या दुकानात रंग बदलणारं जेल मिळतं, रंग बदलला की गरम करून परत वापरायचं. ओव्हनमध्ये खडा नको, तापवला तर वितळत नाही, धूर होऊन उडतो, ३३८ अंशांना तर चाललाच. फेविक्विक, नेलपॉलिश, लॅकर काही नाही, ओल आतच अडकेल आणि वर फेविक्विकची चकाकी. चिठ्ठी वेगळी सुकवा, खडा कुठला ते तिच्यावरच आहे, खड्यापेक्षा ती जपा.

शास्त्री_बाणेर: सिलिका जेल सरसकट सांगू नये. फ्युमरोलवरची बरीच खनिजं पाणी धरून असतात, कोरड्या हवेत त्यांचा भुगा होतो.

दगडधोंडे: ज्यांच्या रचनेत पाणी असतं त्यांचा. नवसागराच्या रचनेत पाणी नाहीच, कितीही सुकवा.

शास्त्री_बाणेर: नवसागर असेल तर.

कोथरूडकर७१: अपडेट. चुना नव्हता, वॉचमनकडून आणला. कण चोळला तर असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी, म्हणजे नवसागरच. बरणी, जेल सगळं झालंय, रात्रीत खडा कोरडा पडला, पण वर साखर पेरल्यासारखी पांढरी साय आलीये. बायकोने सासऱ्यांना फोनवर सांगूनही टाकलं, नळासकट. ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग विचारलं, "चिठ्ठी भिजली नाही ना?"

दगडधोंडे: बघा.

निवृत्त_नाना: तुरटीलाही असंच होतं.

वारज्याची_वहिनी: तबक चिंच-मिठाने घासा, निघेल. ते हिरवं पोटात जायला नको, नीट निघेपर्यंत प्रसादाला वापरू नका.

कोथरूडकर७१: तबक पण सासऱ्यांचंच आहे.