पाण्याचे 'वस्तूकरण' की 'पण्यीकरण'?

मूळ मत
पाणी विक्रीचा माल बनणे (इंग्रजीत 'कमॉडिफिकेशन') या अर्थाने 'पाण्याचे वस्तूकरण' हा प्रयोग नुकताच एका लेखात वाचला आणि तो मला चुकीचा वाटतो. शुद्धीकरण, वस्तूकरण अशा शब्दांत 'करण'पूर्वी येणारा च्वि प्रत्यय, जे आधी तसे नव्हते ते तसे होणे, हा अर्थ देतो. पाणी तर मुळातच वस्तू आहे. मग त्याचे वस्तूकरण कसे होणार? डिसेंबर २०२० मध्ये शिकागोच्या बाजारात कॅलिफोर्नियातील पाण्याचे वायदे सुरू झाले, तेव्हा पाणी होते तेच राहिले, फक्त त्याच्या उद्याच्या भावावर सौदे होऊ लागले. जे विकायचे ते 'पण्य'. पाणिनीच्या 'तदस्य पण्यम्' या सूत्रात आणि कौटिल्याच्या 'पण्याध्यक्ष' या अधिकारपदात तो शब्द आहे, आणि 'विपणन' आपण आजही म्हणतोच. म्हणून पण्यीकरण.

प्रतिसाद
असहमत आहे. मी एकदा 'पण्यीकरण' लिहून दिले, तर मुद्रितशोधकाने त्याचे 'पुण्यीकरण' केले. जो शब्द मजकूर तपासणाऱ्यालाच ओळखता येत नाही, तो वाचकापर्यंत कसा पोहोचणार? शिवाय मराठीत 'वस्तू' म्हणजे केवळ पदार्थ नव्हे. 'जीवनावश्यक वस्तू', 'वस्तुविनिमय' या शब्दांत देवघेवीचा माल हाच अर्थ आहे.

मूळ मत मांडणारा
'जीवनावश्यक वस्तूं'चा मुद्दा मला मान्य आहे. पण स्त्रीवादी लेखनात 'स्त्रीचे वस्तूकरण' म्हणजे तिला निर्जीव वस्तूसारखे वागवणे, आणि त्यात पैशाचा व्यवहार असतोच असे नाही. घरात तिचे मत कोणी विचारत नाही, हा एक अन्याय. तिचे गर्भाशय मोबदल्यावर मिळते, हा प्रश्न निराळा. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर नेमका आक्षेप कशावर आहे हेच कळेनासे होते.

दुसरा प्रतिसाद
'बाजारीकरण' सर्वांना कळते, तेच का नको?

मूळ मत मांडणारा
कारण त्यात निषेध आधीच भरलेला आहे, आणि तो शब्द शिक्षणासारख्या एखाद्या क्षेत्राला शोभतो. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक कार्ल पोलान्यी यांनी १९४४ मध्ये मांडले की जमीन, श्रम आणि पैसा विक्रीसाठी निर्माण झालेले नसूनही तसे मानले जातात. त्यांना 'कल्पित पण्ये' म्हणता येते. 'कल्पित वस्तू' म्हटले, तर जमीनच अस्तित्वात नाही असा अर्थ निघेल.

पहिला प्रतिसादक
पोलान्यींच्या बाबतीत तुमचे म्हणणे पटले. तिथे मीही 'पण्य' लिहीन. वर्तमानपत्रासाठी मात्र 'पाणी विक्रीचा माल झाले' असे सरळ वाक्य लिहीन, त्यात दोन्ही शब्दांची गरज पडत नाही.