क्लाउडचं बिल, जुनं फुटेज आणि आपली सोसायटी

खजिनदार काका, ए-३०४: सर्वांना नमस्कार. सीसीटीव्ही आणि कागदपत्रांच्या क्लाउडचं या महिन्याचं बिल टॅक्स सोडून ५,३०० आलंय. सुरुवातीच्या महिन्यात एवढं नव्हतं. मेंटेनन्समधून हे भागणार नाही.

सचिव, सी-१०२: मागच्या महिन्यात जुनं फुटेज डिलीट केलं होतं ना? मग बिल वाढायलंय कसं?

बी-२०१: काका, चूक माझी आहे. काल रात्री बसून सगळं तपासलं.
अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेवर बकेट, म्हणजे आपली साठवणीची जागा, उघडली तेव्हा मी व्हर्जनिंग, म्हणजे फाइलच्या जुन्या प्रती जपून ठेवायची सोय, चालू ठेवलं होतं. आधी एकदा हिशेबाच्या फाइलवर दुसरीच फाइल सेव्ह झाली होती, तसं पुन्हा होऊ नये म्हणून. पण व्हर्जनिंग असलं की डिलीट दाबून फाइल जात नाही. तिच्यावर डिलीट मार्कर बसतो, ती यादीतून दिसेनाशी होते आणि मागची प्रत तिथंच राहते. भाडं चालूच. दोन महिन्यांचं फुटेज काढलं असं मी तुम्हाला सांगितलं, पण खरं तर एक जीबीसुद्धा कमी झाला नव्हता.
दुसरं कारण लाइटीचं. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी वर चढते. मध्येच लाइट गेली की चढलेले तुकडे तसेच पडून राहतात. ते फाइलींच्या यादीत दिसत नाहीत, बिलात मात्र धरले जातात. उन्हाळ्यात लाइट किती वेळा गेली ते सगळ्यांनी भोगलंय.

डी-१०३ काकू: आज टँकर किती वाजता येणार आहे?

सचिव, सी-१०२: चारला येईल काकू. ए विंगची टाकी आधी.

खजिनदार काका, ए-३०४: समजलं. तू कबूल केलंस ते बरं केलंस. आता पुढं काय? दर महिन्याला बसून डिलीट करायचं का?

बी-२०१: नाही काका, हातानं करायचंच नाही. कुणीतरी विसरतं, नाहीतर नको ते काढून टाकतं. लाइफसायकल नियम लावून ठेवता येतो, म्हणजे ठरलेल्या दिवसांनी फाइल आपोआप निघते. रोज पहाटे साडेपाचच्या हिशेबानं तो वय मोजतो, कारण तिकडं तेव्हा मध्यरात्र धरतात. फाइल प्रत्यक्ष निघायला थोडा उशीर झाला तरी मुदत संपल्यापासूनचं भाडं लागत नाही.
माझं म्हणणं असं: फुटेज ४५ दिवस. त्यानंतर डिलीट, आणि मागची प्रत आणखी एका दिवसानं डिलीट. हे दुसरं कलम लिहिलं नाही तर परत तेच होईल. अर्धवट चढलेले तुकडे ७ दिवसांनी साफ.

ए-४०२: डिलीट कशाला करता? स्वस्तातलं आर्काइव्ह असतं म्हणे, सगळंच तिकडं टाका की.

बी-२०१: दादा, स्वस्त आहे हे खरंय. साध्या जागेला आपल्या मुंबई रीजनमध्ये जीबीला महिन्याला दोन-सव्वादोन रुपये पडतात, डीप आर्काइव्हला, म्हणजे त्या स्वस्तातल्या आर्काइव्हला, २५ पैशांच्या आत. पण तिथून फाइल परत मागितली की १२ तासांपर्यंत थांबावं लागतं, कमी पैशातल्या मार्गानं मागितली तर ४८ तास, आणि मागण्याचे पैसे वेगळे. पार्किंगमधून गाडी गेली तर फुटेज त्या क्षणाला लागतं. शिवाय आत टाकलेली फाइल लगेच काढली तरी १८० दिवसांचं भाडं द्यावंच लागतं.
कागदपत्रांचं उलटं आहे. शेअर रजिस्टर, ऑडिट, नकाशे, सगळं स्कॅन मिळून ४ जीबी. महिन्याला दहा रुपयेसुद्धा नाहीत. आणि आर्काइव्हमध्ये प्रत्येक फाइलमागं ४० केबी जादा धरतात, छोट्या पावत्यांना ते परवडत नाही. ते कागद आहेत तिथंच राहू द्या. त्यांची मागची प्रत मात्र ९० दिवस ठेवू.
आर्काइव्हला फक्त वार्षिक सभांचे व्हिडिओ आणि स्ट्रक्चरल ऑडिटचं शूटिंग. २०० जीबी आहे, वर्षात एकदाही कुणी उघडत नाही, पण फेकता येत नाही.

गुरुजी, बी-००१: मला आत्ता नीट समजलं. बीडकडं आमच्या गावी पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. घरात रोजच्या खाण्याची ज्वारी कणगीत, म्हणजे धान्याच्या मोठ्या टोपलीत, सालभराची पेवात. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. झाकण काढून वारा लागू द्यायचा, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. माझे वडील अर्धा दिवस थांबायचे. पाहुणे दारात असताना कुणी पेव उघडायला जात नाही, त्यासाठी कणगी भरलेली लागते.

बी-२०१: हेच गुरुजी. फुटेज कणगीत, सभांचे व्हिडिओ पेवात.

खजिनदार काका, ए-३०४: बिल कितीवर येईल?

बी-२०१: रोजचं साधारण १४ जीबी फुटेज येतं. ४५ दिवसांचं ६३० जीबी. सगळं धरून १,४०० च्या आसपास, टॅक्स वेगळा. व्हिडिओ हलवायचे थोडे पैसे एकदाच.

सी-३०१ ताई: थांबा जरा. दोन महिन्यांपूर्वी गेटवर माझ्या मुलाला गाडीनं उडवलं, ती केस अजून चालू आहे. ते फुटेज जाईल का?

बी-२०१: नाही ताई, जाऊ देणार नाही. ४५ दिवसांचा नियम फक्त फुटेजच्या फोल्डरला लागतो. 'जपा' नावाचं वेगळं फोल्डर केलंय, त्याला कुठलाच नियम नाही. तारीख आणि वेळ सांगा.

सी-३०१ ताई: १४ तारीख, संध्याकाळी सहा ते सात. मेन गेट.

सचिव, सी-१०२: आणखी कुणाला जुनं फुटेज हवं असेल तर रविवारपर्यंत इथंच लिहा. नियम सोमवारी लावायचा. काकांची हरकत नसेल तर.

खजिनदार काका, ए-३०४: हरकत नाही. सोमवारी मी शेजारी बसतो, दाखव.

बी-२०१: ताई, मेन गेटचे दोन्ही कॅमेरे, पाच ते आठ, 'जपा'मध्ये टाकलं. उघडून पाहिलं, चालतंय. एक प्रत पेन ड्राइव्हवर रात्री आणून देतो.